सातवं नाव

३ सप्टेंबर, मंगळवार. नेपरव्हिल

आजपासून कामाला लागलो. राजेशदादाने माझ्यासाठी अर्ज भरला तेव्हा माझे केस काळे होते. ग्रीन कार्ड हाती आलं तेव्हा पन्नाशीला एकच वर्ष उरलं होतं. तालुका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला इथे कोण विचारणार, अशी धास्ती होती. दादा म्हणाला, "अरे पुरू, जुने पेपर्स हँडल करणारा माणूसच हवाय त्यांना. परफेक्ट आहे यार तुझ्यासाठी."

दुकान दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैनिकांच्या वस्तूंचं आहे. पदकं, शिरस्त्राणं, पट्ट्यांची बक्कलं, काचेच्या कपाटात संगिनी, आणि मागच्या खोलीत खोकीच्या खोकी कागद. मालक डेल साठीचा, लालबुंद, हसरा. वरची खोली त्याने मला राहायला दिली. मागे लाकडी डेक आहे आणि त्याला लागून मॅपलचं झाड. कोपऱ्यात देव मांडले, उदबत्ती लावली. परक्या देशात इतकं लवकर घर होईल असं वाटलं नव्हतं. पांडुरंगाची कृपा.

९ सप्टेंबर, सोमवार

काम आवडतंय. प्रत्येक जर्मन सैनिकाकडे खिशात मावेल असं एक पगारपुस्तक असे. त्यात फोटो, उंची, बुटांचं माप, कुठल्या टोचण्या झाल्या, रजा कधी मिळाली, मेल्यावर कुणाला कळवायचं, सगळं. मी पान अन् पान स्कॅन करतो, गंजलेल्या टाचण्या काढतो, पुस्तक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून पेन्सिलीने नंबर टाकतो. पोथीला हात लावण्याआधी धुवावेत तसे हात धुतो. डेलला त्याचं कौतुक वाटतं.

रविवारी दादाकडे जेवायला गेलो होतो. रुही, दादाची मुलगी, म्हणाली, "काका, दॅट्स सो क्रीपी." पद्मिनीवहिनींनी विचारलं, कुणाच्या वस्तू? मी जुने कागद एवढंच सांगितलं. पुढचं सांगायला जीभ रेटली नाही. का, ते कळलं नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज योहान केर्नर नावाच्या सैनिकाचं पुस्तक आलं. तो तुकडीतला लेखनिक होता, कारकून, माझ्यासारखाच. अक्षर सुरेख. बायको, मुलं या रकान्यांत आडवी रेघ. फक्त आईचं नाव. १९४३ साली मेला.

पुस्तकाच्या कव्हराच्या खिशात एक घडी केलेला कागद निघाला. मोठ्या सुट्या अक्षरांत सात नावं, प्रत्येकापुढे वय. सहा नावांवर पट्टी धरून रेघ मारलेली. सहावं: लेव, आणि वयाच्या जागी आठ महिने. सातवं मोकळं: ब्लूमा, ५.

डेलने कागद पाहिला आणि त्याचं हसू थोडा वेळ गेलं. म्हणाला, असला कागद असला की लोक प्रश्न विचारतात, गिऱ्हाइकाला स्वच्छ सैनिक हवा असतो, काढून टाक. मी काढला. कचऱ्यात टाकवेना, म्हणून देवापुढच्या पोथीखाली ठेवला. आठ महिन्यांच्या मुलावर रेघ का मारतात, हे मला कुणी समजावून सांगायला हवं होतं असं नाही. तरी मी सांगितलं तसं केलं.

२ ऑक्टोबर, बुधवार. सर्वपित्री अमावास्या

सकाळी डेकवर वडिलांच्या, आप्पांच्या नावाने पिंड ठेवला. इथले कावळे आपल्यापेक्षा दांडगे. एक लगेच आला आणि घास उचलून गेला. आप्पा तृप्त आहेत, बरं वाटलं.

भात उरला होता. केर्नरची ती आडवी रेघ आठवली. मलाही मूलबाळ नाही. उद्या माझ्यामागे कोण ठेवणार? सर्वपित्रीला ज्याचं कुणी नाही त्यालाही देता येतं. काळे तीळ घालून दुसरा पिंड केला, त्याचं नाव घेतलं.

कावळा कठड्यावर बसला आणि शिवेना. तासभर. आमच्या गावी अशा वेळी जे करतात ते मी सवयीने केलं. हात जोडून म्हणालो, तुमची जी इच्छा राहिली असेल ती मी पुरी करीन. कोणती, ते विचारायचं भान राहिलं नाही.

वाक्य संपायच्या आत कावळ्याने पिंड उचलला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

कालपासून तो कावळा खिडकीच्या चौकटीवर येऊन बसतो. ओरडत नाही. आज जाताना काचेबाहेर काहीतरी ठेवून गेला. तीळ चिकटलेला, वाळलेला भाताचा मुटका. मी तो झाडाखाली पुरला. दुपारी पुन्हा तिथेच होता, वर ओली माती.

८ ऑक्टोबर, मंगळवार

दुकानाला आलेल्या ईमेलना उत्तरं देण्याचं काम माझ्याकडे आहे. आज एक मेल आली. शिकागोच्या उत्तरेला राहणाऱ्या एका बाईंची, वय सत्त्याऐंशी. केर्नरच्या पुस्तकाचे फोटो त्यांनी आमच्या वेबसाइटवर पाहिले.

त्या लिहितात: बेचाळीस साली आमच्या ज्यूंच्या खेड्यात हीच तुकडी आली होती. एक कारकून घरोघर जाऊन यादीतली नावं वाचायचा. नाव घेतलं की ओ द्यायची आणि बाहेर जाऊन उभं राहायचं. माझं नाव आलं तेव्हा आईने सांगितलं, ती हिवाळ्यात गेली. मी घर तापवायच्या भट्टीमागे होते. त्याने माझं नाव तीनदा वाचलं. आईने बजावलं होतं, म्हणून मी ओ दिली नाही. घरातली सगळी त्या दुपारी संपली. सर्वांत धाकट्या भावाचं नाव मला आठवत नाही. ते सांगणारं आता जगात कुणी नाही. त्या माणसाजवळ एखादा कागद असेल, तर एकदा दाखवाल का?

खाली सही: ब्लूमा.

मी डेलला मेल दाखवली. तो म्हणाला, पुस्तकात तसं काही नाही असं लिही. खोटंही नाही ते, आता नाहीच ना. मी लिहिलं. याच हाताने. मग देवापुढे बसलो, पण वर बघवेना.

१० ऑक्टोबर, गुरुवार

त्यांचं उत्तर आलं. आभार मानले आहेत. माझेच. कागद नसेल तर निदान त्या माणसाचा फोटो प्रत्यक्ष बघायचा आहे, म्हणून अठराला, शुक्रवारी अकरा वाजता येणार.

केर्नर काय मागत होता ते आता मला कळलं. त्याची यादी पुरी झाली नव्हती. आणि मी त्याला शब्द दिला.

१३ ऑक्टोबर, रविवार

दादाबरोबर जवळच्या ऑरोरा शहरातल्या मंदिरात गेलो. पुजाऱ्यांना आडवळणाने विचारलं, मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत घेता येतो का. ते म्हणाले, ज्याला दिला तोच त्यातून सोडवू शकतो.

परत येऊन नवा पिंड ठेवला. हात जोडले, म्हणालो, मला मोकळं करा. कावळा आला. संध्याकाळपर्यंत पिंडाकडे पाठ करून बसला. शिवला नाही.

गाडीत दादा म्हणाला होता, "पुरू, तू ओके आहेस ना? झोपेत हजेरी घेतल्यासारखं काय बडबडतोस?" मी झोपलो नव्हतो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

पोथीखालचा कागद काढला. त्यांना मेल करून सगळं सांगायचं, फोटो पाठवायचा, असं ठरवलं होतं. एवढं केलं तर निदान माझी मान —

सातव्या नावापुढचा पाच खोडलेला आहे. बाजूला पेन्सिलीने आकडा घातला आहे. ८७. आपल्या आकड्यांत.

या दुकानात तसे आकडे मीच लिहितो.

१६ ऑक्टोबर

येऊ नका अशी मेल लिहिली. पाठवली. नंतर उघडून पाहिली. त्यात लिहिलं होतं, अवश्य या, आम्ही वाट पाहतो आहोत.

डेल ओहायोला प्रदर्शनाला गेला. परवा दुकानात मी एकटा. त्याला सांगितलं मला बरं नाही. तो म्हणाला, एक म्हातारी बाई तर येणार, पुरू, चहा दे तिला.

१७ ऑक्टोबर

संगिनींच्या कपाटाची किल्ली नदीत टाकली. खिशात आहे.

पुन्हा टाकली.

भीतीपेक्षा लाज जास्त वाटते. भुताने मला खोटं लिहायला लावलं नव्हतं. ते मी आधीच —

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून उजवा हात माझा नाही, सारखा संगिनींकडे जातो. जानव्याने दुकानातल्या खुर्चीला बांधला आहे. डाव्या हाताने लिहितोय. दारावर चिठ्ठी लावली: आत येऊ नका. यादी बाहेर टपालाच्या पेटीत ठेवली आहे, घेऊन जा. आईने सांगितलं होतं तसंच वागा.

अकराला पाच कमी. कावळा कठड्यावर.

गाडी थांबली. त्या काठी टेकत येतायत. लहानशा आहेत. निळा स्कार्फ. चिठ्ठी वाचतायत — चष्मा शोधतायत — नाही सापडत — हसल्या, आणि बेल —

दाराला कुलूप होतं. मी उठलो नाही. दार उघडलं.

यादी माझ्यापुढे टेबलावर आहे. पेटीत नाही.

निदान भावाचं नाव तरी द्यायचं. एवढं मी करीन. लेव. ओरडून सांगतो, लेव, आणि मग पळा —

तोंड उघडलं. आवाज माझा नाही. पहिल्यापासून वाचतोय. एक. दोन. त्या थांबल्या. त्यांना हा आवाज ओळखू आला. तीन. चार. काठी पडली. पाच.

लेव.

त्यांनी ऐकलं. त्या रडतायत, मान हलवतायत, हो हो, लेव, लेव — त्या आनंदाने —

सातवं मी घेणार नाही. देवा, ओठ धर माझे. घेणार नाही —

घेतलं.

ओ देऊ नका. बाई, भट्टीमागे — दुसऱ्यांदा — ओ देऊ नका — तिसऱ्यांदा — त्या ताठ उभ्या राहिल्या, लहान मुलीसारख्या, तोंड उघडून —