जाळी न दिसणारे छायाचित्र

प्रति,
मा. कार्यकारी संचालक,
होसकेरी प्राणिसंग्रहालय व वनोद्यान,
होसकेरी.

विषय : वन्यजीव सप्ताह छायाचित्र स्पर्धेचे प्रथम पारितोषिक परत घेण्याबाबत, तसेच अर्जदाराचा दि. १२ ऑक्टोबरचा जबाब रद्द करून प्राणीरक्षक श्री. फकीरप्पा तळवार यांच्या चौकशीत खरा जबाब नोंदवून घेण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. २३ ऑक्टोबर. २) आपले उत्तर दि. ६ नोव्हेंबर (चषक मिळाला नसल्याची तक्रार समजून दिलेले). ३) अर्जदाराचे स्मरणपत्र दि. १५ नोव्हेंबर. ४) आपले उत्तर दि. २९ नोव्हेंबर.

महोदय,

अर्जदार सौ. चैत्रा मल्लिकार्जुन कोप्पद, वय २८, शिक्षण बी.एस्सी., ही आपल्या संग्रहालयाची वार्षिक पासधारक आहे. मुलगी इंचरा, वय साडेतीन, हिला घेऊन ती दर रविवारी सकाळी येते. येताना मुलीच्या मनगटावर स्वतःचा फोन नंबर पेनाने लिहून आणते आणि प्रत्येक पिंजऱ्यासमोर तिला कठड्याच्या चार पावले मागे उभी करते. यावरून आपले पहारेकरी हसतात, हे अर्जदाराला माहीत आहे. अर्जदार प्राण्यांची छायाचित्रे काढते ती हौसेपेक्षा गरजेने. मुलगी छायाचित्रे दाखवल्याशिवाय जेवत नाही. सांबराला एक घास, मगरीला दोन, आणि निंगी अस्वलीला उरलेले सगळे ताट.

१. स्पर्धेचा नियम क्र. ४ असा होता : "छायाचित्रात जाळी, गज, कुलूप अथवा मानवी शरीराचा कोणताही भाग दिसू नये. प्राणी मुक्त वनात असल्याचा भास व्हावा." नियम क्र. ५ असा : "छायाचित्र याच संग्रहालयात काढलेले असावे." आणि अस्वलीच्या पिंजऱ्यासमोरील पाटी अशी : "कठड्यापलीकडे जाऊ नये." कठडा जाळीपासून सात फुटांवर आहे. हे तिन्ही एकाच कार्यालयाने लिहिले आहे. अर्जदाराने तीन रविवार कठड्यामागे उभे राहून प्रयत्न केला. प्रत्येक वेळी आधी जाळी आली, मग तिच्यामागे चौकोनाचौकोनांत कापलेली निंगी. ज्यांच्याकडे लांब भिंगाचे कॅमेरे होते, किंवा संगणकावर जाळी पुसून देणारे भाऊ-मेहुणे होते, त्यांनी तिन्ही नियम पाळले. अर्जदाराकडे फोन होता.

२. दि. ३ सप्टेंबर रोजी, रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास श्री. फकीरप्पा निंगीची नाचणीची आंबील आत ठेवून मागच्या बोळातून बाहेर येत होते. अर्जदाराने त्यांना गाठले आणि मागच्या झडपेतून एक फोटो काढू देण्याची विनंती केली. ते म्हणाले, "नाही यव्वा. तिथं आमच्याशिवाय कुणी यायचं नाही." अर्जदार म्हणाली, "दोनच मिनिटं, काका." ते हसले. "दोन मिनिटांत तुझा फोटो येईल आणि माझी नोकरी जाईल." इथवर दोन वेळा नकार झाला. तिसऱ्यांदा अर्जदार म्हणाली, "पहिला आला तर तुमच्या निंगीचा फोटो मोठा करून गेटवर लावणार आहेत. पत्रकात लिहिलंय." तेव्हा ते थांबले. म्हणाले, "लोक वाघाकडं पळतात. हिच्यापुढं उभं राहून शेंगा खातात आणि टरफलं टाकतात. हिला बघतंय कोण?" मग बादली खाली ठेवून म्हणाले, "चल. पोरीला माझ्या मागं उभी कर. तिचा हात सोडलास तर मी झडप लावणार."

कोणाला कोठे दुखते हे अर्जदार दहा महिने दर रविवारी पाहत होती. त्यांना बरोबर तिथेच धरले. याला आग्रह म्हणायचा झाला तर तो अर्जदाराचा होता.

३. झडप म्हणजे भिंतीतली वीतभर लोखंडी पट्टी. श्री. फकीरप्पांनी तिची साखळी खिळ्याला अडकवली. तशी अडकवल्यावर झडप चार बोटांपलीकडे उघडत नाही. साखळी त्यांनी शेवटपर्यंत हातात धरून ठेवली होती. निंगी बारा फुटांवर होती आणि तोंड वर करून नाकावरची आंबील चाटत होती. अर्जदाराने पाच छायाचित्रे काढली. मुलगी रडली नाही. परत निघताना रडली, कारण तिला थांबायचे होते.

४. दि. ८ ऑक्टोबरच्या समारंभात प्रमुख पाहुण्यांनी बक्षीस देताना विचारले, "एवढं जवळून? जंगलात जाऊन काढलंत की काय?" अर्जदाराच्या हातात माइक होता. ती म्हणाली, "जंगलात नाही सर. फकीरप्पा काकांनी मागची झडप उघडून दिली. निंगीला बछडी असल्यापासून त्यांनीच वाढवलंय. बक्षीस खरं त्यांचं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्री. फकीरप्पा मागे खुर्च्या लावणाऱ्यांत उभे होते. त्यांनी टोपी काढून हात जोडले. महोदय, टाळ्या आपणही वाजवल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातल्या चित्रात ते स्पष्ट दिसते. त्याच दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना निलंबनाचा कागद मिळाला. आभार मानले नसते तर माणूस आज कामावर असता, हे अर्जदाराला रोज सकाळी आठवते.

५. दि. १२ ऑक्टोबर रोजी अधीक्षकांनी अर्जदाराला बोलावले. जबाब आधीच टाइप करून ठेवला होता. अधीक्षक म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. आईनं लेकराला अस्वलाच्या दाराशी नेलं असं कागदावर आलं, तर बालकल्याणवाले घरी येतात. चार प्रश्न विचारतात, शेजारीपाजारी विचारतात. आमच्या माणसानं नेलं असं आलं, तर ते आमचं आम्ही बघतो." मग त्यांनी इंचराला बिस्किटाचा पुडा दिला. जबाबात लिहिले होते की कर्मचाऱ्याने हट्ट करून आत नेले, झडप पूर्ण उघडली, मायलेकींना तेथे सोडून तो निघून गेला आणि मुलगी भयभीत होऊन रडू लागली. यातले एकही वाक्य खरे नाही. अर्जदाराने ते संपूर्ण वाचले. मुलगी मांडीवर बसून बिस्किट खात होती. अर्जदाराने सही केली.

घरी सासूबाई म्हणाल्या, "तुझं नाव सुटलं ना त्यातून? मग गप बस." अर्जदार अकरा दिवस गप्प बसली.

६. त्यानंतर केलेल्या अर्जाचे काय झाले ते संदर्भात आहेच. पहिला अर्ज बक्षीस शाखेकडे गेला आणि चषक समारंभातच दिल्याचे कळवण्यात आले. स्मरणपत्रास आलेल्या उत्तरात दोन मुद्दे आहेत. एक, नियम क्र. ११ नुसार छायाचित्र संग्रहालयाच्या मालकीचे झाले असून ते मागे घेता येत नाही. दोन, "अर्जदार विज्ञान शाखेची पदवीधर असल्याने जबाब न समजता दिला असे म्हणता येणार नाही." हे बरोबर आहे. जबाब समजूनच दिला होता. अडाणी बाईने अंगठा दिला असता तर तो मागे घेता आला असता. पदवीधर बाई एकदा खोटे बोलली की कार्यालयाच्या दृष्टीने ते कायमचे खरे होते.

दरम्यान ते छायाचित्र प्रवेशद्वारावर बारा फूट रुंदीच्या फलकावर लागले आहे आणि खाली "आमचे प्राणी, आमचा अभिमान" असे लिहिले आहे. तेच छायाचित्र चौकशीच्या फाइलीत पुरावा क्र. १ आहे. आपले लोक सकाळी त्याच्याखालून कामावर येतात आणि अकरा वाजता तेच समोर ठेवून माणसाला दोषी ठरवायला बसतात.

७. दि. ३ डिसेंबर रोजी अर्जदार श्री. फकीरप्पांच्या घरी गेली. चौकशीच्या कागदांबरोबर त्यांना अर्जदाराच्या जबाबाची प्रत मिळाली होती. त्यांच्या पत्नी शांतव्वा यांनी चहा ठेवला, पण बाहेर आल्या नाहीत. श्री. फकीरप्पा म्हणाले, "नातीनं वाचून दाखवलं. तिथं लिहिलंय, मी हट्ट केला. मी हट्ट केला होय गं यव्वा?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते खरोखर विचारत होते. बावीस वर्षे कार्यालयाचा कागद खरा मानून चाललेला माणूस. आपल्यालाच नीट आठवत नसेल, असे त्यांना वाटू लागले होते. पुढे म्हणाले, "मायकात माझं नाव घेतलंस ते बरं वाटलं होतं. शांतव्वाला सांगितलं मी घरी येऊन." अर्जदार चहा न पिता निघाली.

८. आता जे सांगायचे ते दोन्ही अर्जांत सांगितले नव्हते. स्पर्धेला दिलेले छायाचित्र कापलेले आहे. मूळ छायाचित्रात डाव्या कडेला श्री. फकीरप्पांचा हात येतो. पाचही बोटे साखळीवर आवळलेली आहेत, साखळी खिळ्यात आहे आणि झडप चार बोटेच उघडी आहे. त्यांनी झडप पूर्ण उघडली नाही आणि ते सोडून गेले नाहीत, हे लहान मुलालाही कळेल असे दिसते. नियम क्र. ४ मध्ये मानवी शरीराचा कोणताही भाग नको, म्हणून अर्जदाराने घरी बसून तो हात कापला. त्याच छायाचित्रात खालच्या कोपऱ्यात, त्यांच्या मागून पुढे डोकावलेल्या इंचराची वेणी आणि लाल रिबीन दिसते. तीही कापली. मूळ छायाचित्र अर्जदाराच्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून आहे. ते दिले तर माणूस सुटतो आणि आई सापडते. म्हणून ते दोन महिने दिले नाही. अधीक्षकांनी भीती घातली हे खरे, पण फोन अर्जदाराच्याच पिशवीत होता.

९. सबब नम्र विनंती की,

(अ) दि. १२ ऑक्टोबरचा जबाब खोटा असल्याची नोंद घ्यावी व सोबतचा जबाब चौकशीत वाचावा.

(आ) कठडा ओलांडला, दोनदा नकार मिळूनही गळ घातली आणि लहान मुलीला मागच्या बोळात नेले, हे अर्जदाराचे कृत्य आहे. त्याबद्दल पास रद्द करणे अथवा प्रवेशबंदी, जे नियमात असेल ते करावे.

(इ) प्रवेशद्वारावरील छायाचित्र उतरवावे. मालकी आपली असल्याने उतरवायचे नसेल तर मूळ छायाचित्र लावावे. ते हातासकट अधिक रुंद आहे, परंतु फलकावर जागा आहे.

चौकशीची पुढची बैठक सोमवार दि. १८ डिसेंबर रोजी सकाळी अकरा वाजता असल्याचे समजते. अर्जदार हजर राहील. चौकशी केवळ कर्मचाऱ्यांपुरती आहे असे सांगून बाहेर बसवल्यास बाहेर बसेल. श्री. मल्लिकार्जुन कोप्पद यांनी हा अर्ज वाचला असून "पाठवायचा तर तुझ्या एकटीच्या सहीनं पाठव" असे सांगितले आहे. त्याप्रमाणे तो एकटीच्या सहीने आहे. मुलीला त्या दिवशी घरी सांभाळायला कोणी नाही, सबब तीही सोबत असेल.

अधीक्षकांनी सांगितलेले बालकल्याण कार्यालय बसस्थानकामागे दुसऱ्या मजल्यावर आहे. अर्जदाराने या अर्जाची एक प्रत आज सकाळी स्वतः जाऊन तेथे दिली. तेथील बाईंनी ती उभ्यानेच वाचली आणि गुरुवारी घरी येऊ असे सांगितले. तरी त्यांना कळवण्याची तसदी आपल्या कार्यालयाने घेऊ नये.

आपली नम्र, आणि या वेळी मजकूर स्वतः लिहून सही करणारी,

(सही)
सौ. चैत्रा मल्लिकार्जुन कोप्पद
बसवनगर, होसकेरी
दि. ११ डिसेंबर २०२३

सोबत :
१. खरा जबाब, स्वहस्ताक्षरात, पाने दोन.
२. प्रथम पारितोषिकाचे मूळ प्रमाणपत्र व चषक.
३. बालकल्याण कार्यालयाची पोच.
४. दि. ३ सप्टेंबरचे छायाचित्र, न कापलेले.