गाव-११

मंगळवार, ३ जून
परवाच्या नोंदीत एक दुरुस्ती. दादाने मला त्याच्या गेमचा नकाशा करायची 'विनंती' केली, असं मी लिहिलंय. विनंती नव्हे. मी तीनदा विचारल्यावर हेडफोन न काढता तो म्हणाला, कर की, तुला कोण अडवतंय. पण आमच्या घरात याहून जास्त आग्रह करायची पद्धत नाही. म्हणजे अर्थ तोच.
२१ तारखेला तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाणार. त्याआधी आम्हा दोघांचा गेम पूर्ण व्हायलाच हवा.
मॅप एडिटर डाउनलोड केला. सोपा आहे. एका बाजूला टाइल्स: गवत, पाणी, विटा, छप्पर. मधे रिकाम्या चौकोनांची जाळी. टाइल उचलायची, चौकोनात बसवायची. न्हाणीघराची फरशी घालतात तसंच. शंभर बाय शंभरचं गाव. रविवारपर्यंत संपवते.

गुरुवार, ५ जून
नदीत वीट पडली. चूक मागे घेणारं 'अनडू'चं बटण आहे. वापरलं नाही. पहिली चार वर्षं मला आत्याने घरीच शिकवलं, आणि तिच्याकडे खोडरबर नव्हता. चुकलं की नवीन पान. नवीन फाइल उघडली. गाव-२.

रविवार, ८ जून, दुपार
गाव-६.
दादा मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, एकेक गवत काय लावत बसलीयेस? ते बादलीचं चित्र दाब, अख्खं माळरान एका क्लिकमध्ये भरेल. मी म्हटलं, माहितेय. (माहीत नव्हतं.) पण ओतलेल्या गवतात आणि लावलेल्या गवतात फरक असतो. तो म्हणाला, बाई गं, चित्र एकच आहे ते! आणि निघून गेला. बहुधा पटलं असावं.

बुधवार, ११ जून
गाव चालवून बघितलं, तर गेमचा हिरो भिंतींतून आरपार जातो. ही भिंत आहे, इथे थांब, असं त्याला वेगळ्या थरावर सांगावं लागतं म्हणे. मला वाटलं होतं, भिंत दिसल्यावर कुणीही थांबेल. गाव-९.

शनिवार, १४ जून
दादाच्या लॅपटॉपवर एक नकाशा उघडा दिसला. नदी, पूल, बाजार. कोपऱ्यात 'मॅप: ढोल्या'. ढोल्या म्हणजे दादाचा मित्र. आमच्याकडे आला की बिस्किटांचा डबा रिकामा करूनच उठतो.
मला धक्का वगैरे बसला नाही. नमुना असणार, मला कल्पना यावी म्हणून. माळरान बादलीने ओतलंय, लगेच कळतं.
जेवताना विचारणारच होते. तेवढ्यात आईने दादाच्या बॅगेचा विषय काढला. राहिलं.

बुधवार, १८ जून
गाव-११ पूर्ण. एकही चूक नाही. फाइल पेन ड्राइव्हवर घालून दादाच्या हातात दिली. त्याने तो उलटसुलट करून बघितला. म्हणाला, अगं, नकाशा तर मागच्या महिन्यातच... पुढचं गिळलं. म्हणाला, बघतो काहीतरी.
'बघतो' म्हणजे होकारच.

शुक्रवार, २० जून, संध्याकाळ
दादाने गेम टीव्हीवर लावला. आई, बाबा, आत्या, सगळे समोर. गाव ढोल्याचं. हिरो पूल ओलांडून एका घरात शिरला. दादाने त्याला भिंतीपाशी उभं केलं आणि मला म्हणाला, बघ, तुझं गाव!
भिंतीवर एक तसबीर. तसबिरीत गाव-११. नदी, देवळासमोरचा पार, मी हाताने लावलेलं गवत, सगळं आक्रसून एका टाइलएवढं. आत्या चष्मा सावरत टीव्हीजवळ गेली. म्हणाली, हे हिरवं काय गं, भिंतीला शेवाळं धरलंय का? सगळे हसले. दादाही. मीही हसले, जरा उशिरा.
म्हणजे मेमध्ये ढोल्याचं गाव तयार होतं, आणि जूनमध्ये हा मला 'कर की' म्हणाला. का म्हणाला, ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय. यावेळी माघार नाही. वाक्यं पाठ केलीत.
आज नको, सगळे खुशीत आहेत. उद्या दुपारी त्याची गाडी. बॅगा, आईचं रडणं, त्या गडबडीत हा विषय काढणं बरं दिसणार नाही. सवडीने, समोर बसवून, त्याच्या डोळ्यांत बघून विचारणार.
वेळही ठरवलीये: रविवार, २२ जून, सकाळी नऊ वाजता.