शेळ्यांनी केलेली पेरणी

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा डोंगरी गवताचं बी वाढवणे, हे मृत्युपत्र आपखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. अक्षर वेडंवाकडं आलंय ते आनंदाने, वयाने नव्हे, हे डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहून मान्य केलं आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर मुलीला. मागची खिडकी तिने उघडू नये, वरून खडे येतात. रस्त्यासाठी डोंगर कापल्यापासून घरामागचा उतार बोडका आहे आणि दर वर्षी थोडा खाली सरकतो. आमची अख्खी गल्ली त्याच्या वाटेत आहे. तो गवताने धरून ठेवायचा, एवढंच माझं आयुष्यभराचं काम.

२. बँकेतली शिल्लक मुलाला. त्याने एकदा सखल भागातलं स्वस्त बी आणून पेरायला लावलं. ते बघता बघता हिरवंगार झालं आणि पहिल्याच हिवाळ्यात मेलं. इथलं बी एक हिवाळा बर्फाखाली झोपल्याशिवाय उगवत नाही, हे त्याला किती वेळा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तरी पोरगा माझा आहे.

३. विळा आणि चाळण्या नणंदेला. विळा मुळात तिचाच आहे.

४. उतारावरची जमीन शेळीवाल्या शेजाऱ्याला. होय, त्यालाच. आमच्यातून विस्तव जात नाही हे गल्लीला ठाऊक आहे. त्याच्या शेळ्यांसाठीच मी कुंपण घातलं होतं. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर पेरणी उरकली आणि शेळ्या कुंपण मोडून आत शिरल्या. तेव्हा मी त्याला जे बोलले ते कायदेशीर कागदावर लिहिता येत नाही.

आज सकाळी बर्फ वितळलेलं पाहायला वर गेले. शेळ्या पोचल्या नव्हत्या तिथे, निगुतीने पेरूनही, चार काड्या. आणि त्या नाचल्या तिथे खुराच्या एकेका ठशात हिरवा झुबका! बी मातीत दाबलं गेलं होतं, म्हणून टिकलं. इतकी वर्षं वारा माझं बी उडवून नेत होता आणि मी कुंपणाची उंची वाढवत होते. तिथेच बसून हसले, रडले, आणि तशीच वकिलांकडे धावले.

५. अट अशी की पेरणी झाली की शेळ्या एकदाच उतारावरून फिरवाव्यात. मग गवताचं बी पिकून गळेपर्यंत एकही आत दिसता कामा नये, नाहीतर जमीन मुलीला जाईल. माफी मी मागितलेली नाही.

६. ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार करू नये, असं वकील म्हणाले. म्हणून शेजाऱ्याला पायरीवर बसवून चौथं आणि पाचवं कलम वाचून दाखवलं. त्याने मान वळवून वर उताराकडे पाहिलं. माझ्याशी तो कित्येक वर्षांत धड बोललेला नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "जमिनीचं तुम्ही मेल्यावर बघू. यंदा पेरणी कधी ते सांगा, तोवर शेळ्या वरच्या कुरणातून खाली आणतो."

हे कलम वकिलांनी खोडायला सांगितलं आहे. मी खोडणार नाही.

सही : गवतवाली
साक्षीदार : १. डॉक्टरीणबाई २. टपालवाले
ठिकाण : उताराखालचं घर
दिनांक : २३ एप्रिल