उजवीकडची खिडकी

९ एप्रिल
मिळाली! उजवीकडची खिडकी, पंखाच्या बरीच मागे. तिकिटं देणारी ऐपेरी नावाची मुलगी वैतागली — काकू, पाऊण तासाचं उड्डाण, कुठेही बसा ना. म्हटलं, कुठेही बसायचं तर बस होती की. बिश्केकहून ओशला जाताना तोक्तोगुलचं धरण उजव्या हाताला येतं. त्या पाण्याखाली माझं गाव आहे. सात वर्षांची होते तेव्हा बुडालं. रस्त्यावरून नुसतं पाणी दिसतं, कुठे काय होतं काही कळत नाही. वरून टेकडी सापडली की गाव सापडलं — बसलेल्या मेंढीसारखी टेकडी, तिच्या पायथ्याशी आमचं घर. मरायच्या आधी एकदा बघायचंच.

१० एप्रिल
यांचं ऐका! भाचीच्या लग्नाचं सामान घेऊन हे मोटारीने जाणार, मी आणि सासूबाई विमानाने. जेवताना सहज म्हणाले, "खिडकीशी आई बसेल. आतली जागा म्हणजे तोर." घरातल्या बैठकीत तोरवर, म्हणजे दारापासून सगळ्यात लांब, मोठी माणसं. दाराशी किटली घेऊन सून. एकतीस वर्षं दाराशीच बसतेय मी. आता आकाशातही तेच!

१२ एप्रिल
सासूबाईंना म्हटलं, खिडकीशी गारठा असतो, गुडघे धरतील. म्हणाल्या, शाल घेईन.

१३ एप्रिल
उद्या तोंडावर सांगणार. घाबरायचं नाही.

१४ एप्रिल, ओश
सांगितलं. विमानाच्या दारातच — वाटेत माझं गाव लागतं, खिडकी मला द्या. सासूबाईंनी ऐकून घेतलं, माझा दंड धरून आत आल्या आणि बसल्या खिडकीशी. बरं, बाहेर बघितलं का? एकदाही नाही. हात मांडीवर, तोंड समोरच्या खुर्चीकडे. मी मान मोडेस्तोवर वाकले. त्यांचा पांढरा रुमाल दिसला, आणि चिंधीभर निळं पाणी. मग राहवलं नाही.

"बघायचं नव्हतं तर बसलात कशाला?"

एकतीस वर्षांत पहिल्यांदा उलटून बोलले. त्या म्हणाल्या, "आलं का पाणी?" वर टोमणा! लग्नघर येईपर्यंत मी त्यांच्याशी अवाक्षर बोलले नाही.

१६ एप्रिल
लग्न छान झालं. परतताना धरण डावीकडे येणार. कचेरीत जाऊन डावीकडची खिडकी मागून घेतली. या खेपेस आधी मी बसणार. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

१८ एप्रिल, बिश्केक
बसले! सासूबाई वाटेत उभ्या. मागचा म्हातारा पुटपुटला, काय या हल्लीच्या सुना. त्रेपन्न वर्षांची हल्लीची सून! मी हलले नाही. बसा म्हटलं, तशा खुर्चीची पाठ चाचपत बसल्या.

आणि दिसली. मेंढीच ती, शंकाच नको. पाणी खूप खाली गेलेलं, पायथ्याशी मातीचा फिकट पट्टा. आमचं घर तिथेच कुठेतरी. रडले, लपवलं नाही. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "सांग ना, कसं आहे?" सगळं सांगितलं. टेकडी, माती, जर्दाळूची झाडं होती तो उतार, आई पाणी भरायची ती जागा. वाकून बघा म्हटलं, तर वाकल्या नाहीत. हट्टी बाई.

१९ एप्रिल
सकाळी चहाला आम्ही दोघीच. सासूबाईंचा हात चहासाठी अंथरलेल्या चादरीवरून प्याला शोधत फिरला. प्याला पुढ्यातच होता.

"हिवाळ्यापासून दिसत नाही," म्हणाल्या. "विमानात वाटेच्या कडेला बसले असते तर उठता-बसता लोकांना कळलं असतं."

२० एप्रिल
डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली. यांनाही सांगितलं. संध्याकाळी मी किटली घेऊन सरळ तोरवर गेले, सासूबाईंच्या उजव्या हाताशी बसले, प्याला त्यांच्या बोटांत दिला. हे म्हणाले, "तू तिथे कशी?"

"मी बसवलीय," सासूबाई म्हणाल्या.