गढूळ पाण्याला पिवळी, स्वच्छ पाण्याला पांढरी

२ एप्रिल २०२१, शुक्रवार. कापेल आन डेन आयसेल, नेदरलँड्स

ऋजुताचं ठरलं. मास्ट्रिख्टच. रॉटरडॅमची युनिव्हर्सिटी घरापासून सायकलवर आहे, ती नको. देशाच्या पार खालच्या टोकाला जायचंय. ऑगस्टअखेर निघणार. जाऊ दे. मी काही हळवा बाप नाही.

पण जेवताना बोलली ते झोंबलं. लहानपणी तिला झोपवताना मी मुठेत मासे पकडल्याच्या गोष्टी सांगायचो. आज डचमध्ये म्हणाली की बाबाने आयुष्यात एकही मासा पकडलेला नाही, हे तिला दहाव्या वर्षीच कळलं होतं. वीणा हसली. बायकोच्या या हसण्याची इथे नोंद करून ठेवतो.

वस्तुस्थिती: मासे विनय पकडायचा, माझा आतेभाऊ. बादली मी धरायचो. बादलीशिवाय पकडलेला मासा राहणार कुठे?

जाहीर करून टाकलं. तू जायच्या आत, तुझ्या डोळ्यांदेखत, घरामागच्या कालव्यातून मासा काढून दाखवीन.

३ एप्रिल, दुपार

सकाळपासून अकरा अमेरिकन व्हिडिओ पाहिले. तिकडे बास नावाचा मासा पकडतात. आमिष एकच खरं: स्पिनरबेट. मोठ्या सेफ्टी पिनेसारखी वाकवलेली तार, एका टोकाला गळ आणि त्यावर रबरी झालर, दुसऱ्या टोकाला गरगर फिरणारं पत्र्याचं पान. पाणी गढूळ असेल तर गोल पान; ते पाणी ढवळतं, माशाला दिसलं नाही तरी जाणवतं. झालर पिवळी. पाणी स्वच्छ असेल तर लांबट, चमकणारं पान. झालर पांढरी. ऊन असेल तर पान चंदेरी, ढग असतील तर सोनेरी.

म्हणजे नशिबाचा भाग शून्य. सगळा निवडीचा खेळ. आणि मी गेली एकवीस वर्षं ऑफिसात व्हेंडर निवडतोय.

चौदा मागवले.

७ एप्रिल, बुधवार

पार्सल आलं. शेजारच्या हेंकना कुंपणावरून दाखवलं, दीड मीटर अंतर राखून. वय अठ्ठ्याहत्तर, रोज कालव्यावर बसतात. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक, अमेरिकेतला बास इथल्या कालव्यात नसतो. इथे त्याचा लांबचा छोटा भाऊ आणि स्नूक नावाचा दातेरी मासा. दोन, एक एप्रिल ते मेचा शेवटचा शनिवार असली आमिषं वापरायला बंदी. तीन, मासे पकडायला पास काढावा लागतो. तिन्ही अगदी प्रसन्न चेहऱ्याने सांगितल्या. या देशात वाईट बातमी अशीच देतात.

मी डगमगलो नाही. गढूळ पाण्यात कुठल्याही देशाच्या माशाला अंधुकच दिसणार. पास काढला. बंदीचा काळ म्हणजे अभ्यासाची सुटी.

१९ एप्रिल

एक्सेल तयार. पाणी तीन प्रकारचं, वारा तीन प्रकारचा, आभाळ तीन प्रकारचं. सत्तावीस चौकटी. स्पिनरबेट मात्र चौदा. अर्धवट तयारीने उतरणं माझ्या स्वभावात नाही. आणखी तेरा मागवले.

पाणी किती स्वच्छ ते मोजायला वीणाच्या डब्याचं पांढरं झाकण दोरीला बांधून सोडलं. साठ सेंटिमीटरपर्यंत दिसलं. मग दोरी सुटली, त्यामुळे त्यापुढचे आकडे नाहीत. वीणाने संध्याकाळी झाकण कुठाय विचारलं. रिसर्चमध्ये आहे म्हटलं. ती दिवसभर हाउसआर्ट्सच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात फोन घेते, करोनाने हैराण झालेल्यांचं शांतपणे ऐकून घेते. माझं नाही ऐकत.

२९ मे, शनिवार, पहाटे ५.४०

बंदी उठली. निघालो.

त्याच दिवशी, ८.१५

पहिली फेक हेंकच्या झाडात. स्पिनरबेट अजून तिथेच आहे, चंदेरी, छान चमकतंय. दुसऱ्या फेकीला जड लागलं. ओढून काढलं तर निळा सर्जिकल मास्क. ऋजुताने खिडकीतून फोटो काढला. नेमका त्याच वेळी.

माझं मत: वस्तू गळाला लागली, म्हणजे तंत्र बरोबर आहे. फक्त माशाने सहकार्य करायचं बाकी आहे.

२७ जून

कालवा गायब. पाण्यावर टिकल्यांएवढ्या हिरव्या पानांचा थर, इथे त्याला क्रोस म्हणतात. काठापासून काठापर्यंत गालिचा. तक्त्यात हा प्रकारच नव्हता. अमेरिकनांनी फसवलं. चौथ्या प्रकारचं पाणी वाढवलं, आता छत्तीस चौकटी. नऊ मागवावे लागणार.

हेंक मात्र गालिच्याला काठीने भोक पाडून त्यात पावाची गोळी सोडून बसले होते. तीन मासे काढले आणि तिन्ही परत सोडले. मग काढायचे कशाला? मला म्हणाले, आमिष कुठलंही चालतं, पाण्यात मात्र असावं लागतं. अशास्त्रीय माणूस.

ऋजुता तासभर त्यांच्याशेजारी गवतावर बसली होती. बोलत होती, हसत होती. माझ्या वाट्याला जेवणाच्या टेबलावर दोन वाक्यं येतात, त्यातलं एक मीठ मागण्याचं. वाईट वाटलं. हे फक्त इथेच लिहितोय.

१४ ऑगस्ट

आढावा. फेऱ्या एकोणीस. मासे शून्य. पण शून्यामागची कारणं आता एकोणीस माहीत आहेत, ही कमाई लहान नाही.

वीणाने विचारलं, एकोणीस वेळा गेलास, त्यात गळ पाण्यात किती वेळा टाकलास? असले आकडे मी ठेवत नाही. मी सांगितलं की पाणी वाचणं हे ऐंशी टक्के काम आहे. ती म्हणाली, मग उरलेलं वीस टक्के कर, पोरगी दोन आठवड्यांत चालली. म्हटलं, करणारच आहे. कुणी सांगायची गरज नाही.

२८ ऑगस्ट, शनिवार, सकाळी १०

गाडी गेली. वीणा चालवतेय. मागे गादी, पुस्तकं, कुकर. मला जागा उरली नाही. मीच म्हणालो की गादी महत्त्वाची.

सकाळी सात वाजता ऋजुता आपणहून कालव्यावर आली. दोन कप चहा घेऊन. फोन घरी ठेवून. मराठीत म्हणाली, दाखव आता.

वाऱ्याने क्रोस पलीकडे सरकवलेलं, पाणी थोडं गढूळ. गोल पान, पिवळी झालर बांधली. टाकणार तोच ऊन पडलं. गाठ सोडली. चंदेरी घेतलं. गाठ मारेपर्यंत ढग. ती म्हणाली, बाबा, कुठलंही टाक ना. मी समजावलं की शेवटच्या दिवशी कुठलंही टाकून चालत नाही. मग तिने स्पिनरबेटांचा डबा मांडीवर घेतला. मी मागेन ते हातात द्यायची, आणि हे पान काय करतं, ही झालर कशाला, एकेक विचारायची. मी सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. चहा निवला.

आठला वीणाने हॉर्न दिला. सहाव्याची गाठ माझ्या दातांत होती. ऋजुता म्हणाली, दोन मिनिटं थांबते. थांबली. तेवढ्यात वारा फिरला.

दुसरा हॉर्न. मिठी मारायला आली तेव्हा माझ्या हातात उघडा गळ. ती जपून, एका बाजूने बिलगली आणि गेली.

कारणं: ऊन. ढग. वारा. वीणाचा हॉर्न.

गळ आज एकदाही पाण्यात टाकला नाही.

२९ ऑगस्ट, रविवार, संध्याकाळ

वारा नाही. पाणी स्वच्छ. आभाळ एकसारखं ढगाळ, दिवसभर बदलणार नाही असा अंदाज होता, बदललं नाही. तक्त्यात चौकट नंबर अकरा: पांढरी झालर, सोनेरी लांबट पान. पाच महिन्यांत इतका निर्विवाद दिवस आला नव्हता.

दुपारी ऋजुताचा फोन आला. खोली बरी आहे म्हणाली. मग विचारलं, मिळाला का. मी म्हटलं, आता निघतोच आहे.

गेलो नाही.