आईला चांदबिबीचा महाल दाखवणे

सावेडी, नगर
रविवार, ता. ६ ऑक्टोबर २०२४, सकाळी ७ वाजून १० मिनिटे

ती. सौ. ज्ञानेश्वरीताईस,
धाकटा भाऊ कानिफनाथ याचा शि. सा. न. वि. वि.

चहा गाळला, पातेले विसळून पालथे घातले आणि लिहायला बसलो. शुद्धलेखन दोनदा तपासले आहे. तरी चूक सापडली तर मागच्यासारखी तांबड्या पेनाने खूण करून पत्र परत पाठवू नकोस. खोलीतली पोरे वाचतात.

गावाकडे अजिनाथ मुकादम ऊसतोडीला जाणाऱ्यांची नावे लिहायला दिवाळीआधी येणार आहे. अण्णा आणि आई मिळून एक कोयता धरला जातो. आई थांबली तर दोघेही थांबतील. मागच्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती पडली, हे तिने आपल्याला चार महिन्यांनी सांगितले. तेव्हापासून कंबर धरली आहे, ओझे उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. यंदा तिला जाऊ द्यायचे नाही, हे मी ठरवले आहे. पण तिला सांगायचे कसे? घरी विषय काढला की तिला शेळीची आठवण होते आणि ती उठून जाते.

म्हणून रविवार ता. २० रोजी तिला इकडे बोलावून सूर्यास्ताला डोंगरावरच्या चांदबिबीच्या महालावर नेणार आहे. तिथे चूल नाही, शेळी नाही, शेजारीण नाही. उठून जाणार कुठे? काल संध्याकाळी एकटा जाऊन पाहणी करून आलो. जिना अंधारा आहे, पायऱ्या उंच आहेत, माकडे दिसली नाहीत. त्या दिवशी सूर्य सहा वाजून तीन मिनिटांनी मावळेल. बोलण्याचे सात मुद्दे कागदावर लिहिले आहेत. पहिला मुद्दा कंबरेचा घ्यावा की तिच्या माझ्याकडे राहण्याचा, ते कळव. ती नाही म्हणाली तर काय, हा आठवा मुद्दा आहे. त्याच्यापुढे काही लिहिता आले नाही.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, चिडवून त्याची परीक्षा पाहू नये.

तुझा
कानिफनाथ


पुणतांबा
११ ऑक्टोबर २०२४

चि. कानिफनाथ यास ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की सासूबाई काय झालं म्हणून विचारायला आल्या. आईला सूर्यास्त दाखवायला नेतोयस, की महाल ताब्यात घ्यायला निघालायस? माकडांची नोंद ठेवणारा भाऊ गावात दुसऱ्या कुणाला नसेल. शुद्धलेखनात एकही चूक सापडली नाही, त्याचं मात्र वाईट वाटलं.

ते सात मुद्दे फाडून टाक. आईनं आजवर सरपंचाचं भाषण शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, ती तुझे मुद्दे ऐकेल? कंबरेचं नाव तर काढूच नकोस. थकलीस म्हटलं की ती मुद्दाम दोन हंडे जास्त आणते. तिला एवढंच सांग, की तुझ्या हातचं मिळत नाही म्हणून मी वाळलोय. तू तिच्यापेक्षा बरं कालवण करतोस, हे मात्र तिला कळू देऊ नकोस.

हसते आहे, पण ती फळीवरून पडली हे आठवलं की हसू थांबतं. मी मावशीकडे राहून बारावी झाले, तुला सातवीतून निघावं लागलं. तिचं दुखणं तू माझ्यापेक्षा जवळून पाहिलंयस. एवढं जमव. नाहीच ऐकलं तर मी येऊन ट्रकपुढे आडवी पडते. दाजी म्हणतात, मग ट्रकला बराच लांबून वळसा घालावा लागेल.

चिडवते तोवर लोभ आहे असं समज. गप्प बसले तर काळजी कर.

तुझी
ताई


सावेडी, नगर
सोमवार, ता. २१ ऑक्टोबर २०२४, सकाळी ६ वाजून ४० मिनिटे

ती. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

आईला आत्ताच सहाच्या एसटीत बसवून आलो. अक्षर वाकडे आले आहे, माफ कर.

आम्ही सव्वाचारलाच वर पोहोचलो. चूक माझी. रिक्षा लवकर मिळणार नाही असे धरून निघालो आणि ती दारातच मिळाली. महालाजवळ जाताच आईने चपला काढल्या. मी म्हटले, इथे चपला चालतात. ती म्हणाली, तुला चालत आसत्याल, मला न्हाई. मग तिच्या पिशवीतून नारळ, हळदकुंकू आणि उदबत्तीचा पुडा निघाला. ताई, मला घाम फुटला. समोरच सरकारी पाटी होती.

तेव्हा कळले, की इतकी वर्षे ती याला देवीचे ठाणे समजत होती. दर हंगामाला ट्रक या डोंगराखालून जाताना ती हात जोडायची, की चांदबिबीआई, लेकरं संभाळ. परत येताना, की पोचवलंस गं बाई. मी घाबरून खरे ते सांगून टाकले, की ही देवी नाही, सलाबतखान नावाच्या सरदाराची कबर आहे, चांदबिबीचे लोकांनी नुसते नाव दिले आहे. आईने नारळ परत पिशवीत ठेवला. मला वाटले, संपले. आता ती माझे काही ऐकत नाही. मग तिने विचारले, की त्या सरदाराला लेकरं हुती का. मी म्हटले, माहीत नाही. ती म्हणाली, आसत्याल, न्हाईतर इतकी वर्सं माझं ऐकून घेतलं नसतं.

सूर्य नगरच्या गच्च्यांमागे उतरला. फिरायला आलेली सगळी पोरे मोबाईल धरून तिकडे तोंड करून उभी होती. आई पाठमोरी, पाथर्डीच्या रस्त्याकडे बघत होती. खालून जाणारा ट्रक वरून केवढा दिसतो, ते तिला पाहायचे होते. म्हणाली, मुंगीएवढा दिसतूय की रं, त्यातनं त्यानं आमाला वळखलं कसं?

पहारेकऱ्याने आत नारळ फोडू दिला नाही, पण खालचा एक दगड त्यानेच दाखवला. आईने त्याला आणि सगळ्या पोरांना नवसाचे म्हणून खोबरे वाटले. मी विचारले, नवस कसला होता. ती म्हणाली, आता फिटला, आता सांगाया हरकत न्हाई. आजी गेल्यावर मला शाळेतून काढून ऊसतोडीच्या फडावर नेले, त्या वर्षी मी ट्रकमध्ये भांड्यांच्या गोणीवर बसून पुस्तक वाचत होतो म्हणे. इथून जाताना तिने मनात बोलून घेतले, की हे पोरगं कमवतं होऊन ज्या दिवशी आपल्या मनानं मला वर आणील, त्या दिवशी कोयता खाली ठेवीन. सांगून आणवले तर नवस बाद, म्हणून कुणाला सांगितले नाही.

मग तिने माझ्याकडे बघून विचारले, की कामाला लागून चार वर्सं झाली, एवढा मोठा डोंगर तुला दिसला न्हाई व्हय रं?

लोभ ठेव. या वेळी चिडवलेस तरी तक्रार नाही.

तुझा
कानिफनाथ


पुणतांबा
२६ ऑक्टोबर २०२४

चि. कानिफनाथ यास अ. उ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा चिडवणं सुचलं नाही. त्या रस्त्यानं मी दर दिवाळीला माहेरी जाते. डोंगर मलाही दिसला नाही.

काल आईचा फोन आला होता. मंगळवारी अजिनाथ मुकादम वही घेऊन आला. आईनं त्याच्या हातावर खोबरं ठेवलं आणि औंदा आमचं नाव लिहू नको म्हणाली. त्यानं कारण विचारलं, तर म्हणाली, वरच्या सरदाराचा हुकूम हाय. मुकादमाला वाटलं दुसरा कुणी मुकादम मध्ये आला. तो सरदार दर काय देतो, हेच अर्धा तास विचारत बसला.

अण्णांनी त्याला रस्त्यापर्यंत पोचवलं, माघारी आले आणि भर दुपारी ओट्यावर झोपले. दिवाळीच्या तोंडावर, तोडीला निघायच्या धांदलीच्या दिवसांत, त्यांना असं झोपलेलं आईनं लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं म्हणे. कालही झोपलेच होते. जागे होतील म्हणून ती माझ्याशी इतकं हळू बोलत होती, की निम्मं मला ऐकूच आलं नाही.

लोभ थोडा वाढला आहे, फुगू नकोस.

तुझी
ताई