धुतलेल्या बाटल्या

प्रिय ताई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. आईबद्दल आहे, तरी शेवटपर्यंत वाच.

आधी नदीचं सांगतो, तुला आवडो न आवडो. यंदा वर हिमनदीवर ऊन लवकर तापलं आणि आठवड्याभरात पाणी राखाडी झालं. वर्षाचा बहुतेक गाळ याच दिवसांत खाली येतो, त्यामुळे माझी नुसती धावपळ चालू आहे. दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळी पुलाशी पोचतं, तेव्हा दोरीला बाटली बांधून गाळ मोजायला नमुना घेतो. दोरी अजूनही हात सोलून काढते. पहिल्या लोंढ्यात हिवाळाभर साचलेलं सगळं येतं, पुढे पाणी तितकंच चढलं तरी गाळ कमी, हे आपल्याला आईनेच शिकवलं. पहिल्या लोंढ्याच्या बाटल्या म्हणजे तिचा जीव. मी एकदा त्यातली एक हलवली, तर तिने मला दिवसभर घरात घेतलं नव्हतं आणि तू खिडकीतून पाव दिला होतास.

बाटल्या अजून आपल्या स्वयंपाकघरातच निवळायला ठेवतो. परवा घरी आलो तर सगळ्या ओट्यावर उपड्या. लख्ख धुतलेल्या. वर आईच मला म्हणाली, की किती घाण करून ठेवता रे, जरा म्हणून शिस्त नाही. मला वाटलं चेष्टा करतेय. हसलोसुद्धा. मग तिचा चेहरा पाहिला. जिने अख्खी नोकरी या बाटल्यांवर काढली, तिला त्या कशाच्या आहेत तेच कळत नव्हतं.

कार्यालयात सांगितलं, माझ्याच हातून सांडल्या. साहेबांनी चांगलं झापलं. ते झापतातच. आईला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, हे विसरणं आता वाढत जाणार. जुनं थोडे दिवस राहील, मग तेही जाईल. मला फार भीती वाटते गं.

मी काय जन्मभर गाळ मोजू, असं म्हणून तू गेलीस, त्यानंतर आईने तुझं नाव घेतलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी ती तुझाही कप मांडते आणि मला विचारते, की ताई पुलावरून अजून कशी आली नाही, पाणी चढलंय, हाक मार तिला. मी म्हणतो, येतेय. तेवढ्यावर तिचं समाधान होतं.

मागे तू कळवलं होतंस, हिवाळ्यात बघू, कामं उरकली की. तोवर थांबू नकोस. भांडण ती विसरली आहे. तुला विसरायच्या आत ये. संध्याकाळच्या गाडीने ये आणि पुलाकडच्या दाराने आत शिर. उशीर का केलास म्हणून ती ओरडेल. ऐकून घे, आणि चहा पी.

तुझाच,
ठोंब्या